५०० विशेषणांची यादी आणि रोजच्या बोलण्यातली इंग्रजी

गेले काही महिने ठाण्यातल्या पालकांच्या आणि नोकरदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजीतली ५०० विशेषणे मराठी अर्थांसह पाठ करावीत, इंग्रजी विशेषणाला लिंग-वचन नसल्यामुळे व्याकरणाची काळजी करू नये, शब्द नामाआधी ठेवला की झाले, आणि ‘व्हेरी’ हा शब्द कायमचा सोडून त्याच्या जागी भारदस्त विशेषण वापरावे, म्हणजे महिनाभरात बोलणे अस्खलित होईल. मी नौपाड्यात संध्याकाळी प्रौढांना इंग्रजी शिकवते. ऐरोली-महाप्याच्या कार्यालयांतून सुटून ट्रान्स हार्बरच्या गाडीने थेट वर्गात येणारी माणसे हाताशी असलेला तासभर वेळ ही यादी घोकण्यात घालवतात, हे मला पाहवत नाही, म्हणून त्या संदेशाचा एकेक मुद्दा तपासून पाहते.

एका शब्दासमोर एक अर्थ लिहून विशेषण शिकता येते, हे गृहीतकच चुकीचे आहे. यादीत ‘हार्ड’समोर ‘कडक’ लिहिलेले आहे आणि बिस्किटापुरते ते खरेही आहे. पण आपला कडक चहा इंग्रजीत ‘स्ट्राँग’ असतो, कडक मास्तर ‘स्ट्रिक्ट’ असतात, आणि कडक इस्त्रीच्या शर्टाला ‘क्रिस्प’ म्हणतात. उलट बाजूने पाहिले तर पिशवी जड, पाऊस मुसळधार आणि घोडबंदर रोडवरची वाहतूक प्रचंड असे आपण म्हणतो, तेव्हा इंग्रजीला या तिन्ही ठिकाणी एकटा ‘हेवी’ पुरतो. विशेषणाचा अर्थ असा शेजारच्या नामावर ठरतो, आणि यादीत नेमके ते नामच गाळलेले असते.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी विशेषणांबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. माझ्या एका विद्यार्थ्याची आई रुग्णालयात अत्यवस्थ होती. त्याने परदेशातल्या वरिष्ठाला फोनवर ‘माय मदर इज सिरियस’ असे सांगितले आणि पलीकडून ‘कशाबद्दल?’ असा प्रश्न आला. ‘पेशंट सिरियस आहे’ हे मराठीत स्वच्छ कळते. इंग्रजीत मात्र माणसाला नुसते ‘सिरियस’ म्हटले की तो गंभीरपणे बोलतो आहे, थट्टा करत नाही, असा अर्थ निघतो. तिथे ‘सिरियसली इल’ म्हणायला हवे होते. त्या मुलाला शब्द ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल?

व्याकरणाची काळजी नको, हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुलाला, अशी रूपे आपण लहानपणापासून सहज बदलतो, तर इंग्रजीत या सगळ्यांना ‘गुड’ पुरतो, हे निर्विवाद. परंतु इंग्रजी विशेषणाचे नियम दुसरीकडे आहेत. ‘आय ॲम बोअरिंग’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. बोलणाऱ्याला कंटाळा आलेला असतो, पण वाक्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असा होतो. हा भेद आपल्याला परका नाही, कारण दमवणारा प्रवास आणि दमलेला प्रवासी यांत आपण कधीच गल्लत करत नाही. ज्याच्यामुळे भावना निर्माण होते त्याला मराठीत ‘-णारा’ लागतो, तसा इंग्रजीत ‘-इंग’. ज्याला ती जाणवते त्याला ‘-लेला’ लागतो, तसा ‘-एड’. म्हणजे ‘टायरिंग जर्नी’ आणि ‘टायर्ड पॅसेंजर’. एवढे एक सूत्र हाती आले की ‘एक्सायटिंग’, ‘कन्फ्यूजिंग’, ‘इंटरेस्टिंग’ यांच्या जोड्या एकदम सुटतात; ५०० सुटे शब्द पाठ करून ते साधत नाही.

शब्द नामाआधी ठेवला की झाले, हेही सर्वत्र लागू नाही. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ बरोबर आहे, पण ‘अस्लीप चाइल्ड’ कोणी म्हणत नाही, तिथे ‘स्लीपिंग चाइल्ड’ येतो. शिवाय विशेषणापाठोपाठ येणारे शब्दयोगी अव्यय ठरलेले असते: ‘गुड ॲट’, ‘अफ्रेड ऑफ’, आणि आपल्याकडे हमखास चुकणारे ‘मॅरीड टू’, ज्याच्या जागी ‘च्याशी’चा विचार करून आपण ‘विथ’ लावतो.

आता ‘व्हेरी’विषयी. ‘व्हेरी टायर्ड’च्या जागी ‘एक्झॉस्टेड’, ‘व्हेरी हंग्री’च्या जागी ‘स्टार्व्हिंग’, अशा जोड्या शिकण्यात गैर काही नाही, मीही त्या शिकवते. माझा आक्षेप ‘कायमचा सोडा’ या आदेशाला आहे. मराठीत ओला, खूप ओला आणि चिंब या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘खूप चिंब’ आपण म्हणत नाही, तसे ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ही इंग्रजीत खटकते, आणि बाजारातून आल्यावर कोणी रोज ‘एक्झॉस्टेड’ म्हणू लागला, तर तो खरोखर गळून जाईल त्या दिवशी त्याच्याकडे शब्द उरणार नाही. डॉक्टरांना दुखण्याची तीव्रता सांगताना तर मधली पायरी हवीच. काळ्या छत्रीला आपण काळीकुट्ट म्हणत नाही.

५०० हा आकडा कुठून आला, हे संदेशात सांगितलेले नाही. इंग्रज भाषाभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये, म्हणजे मोजक्या शब्दांच्या सोप्या इंग्रजीत, एकूण शब्द ८५० होते आणि त्यांत गुणवाचक शब्द अवघे १५०, ज्यांत ‘गुड’ आहे, ‘टायर्ड’ आहे आणि ‘सिरियस’ही आहे. तो संच मुद्दाम आखडून बनवलेला होता, त्यामुळे सहज बोलण्याला तो अपुरा पडतो हे मान्य करते. तरीही दैनंदिन व्यवहाराचा मोठा भाग किती थोड्या विशेषणांवर चालू शकतो, हे त्यावरून दिसते.

माझ्या वर्गात एकटे विशेषण वहीत लिहायला मनाई आहे. प्रत्येकाने दिवसाला विशेषण आणि नाम अशा तीन जोड्या लिहायच्या, त्याही त्या दिवशी खरोखर गरज पडलेल्या, आणि प्रत्येक जोडीचे एक वाक्य मोठ्याने म्हणायचे. गेल्या आठवड्यात त्याच विद्यार्थ्याच्या वहीत ‘सिरियस कंडिशन’च्या खाली ‘स्टेबल कंडिशन’ लिहिलेले होते आणि त्याखाली त्याने वरिष्ठाला सांगितलेले वाक्य: ‘माय मदर इज स्टेबल नाऊ.’