खुलासा: बीटल्सचा १९७४चा अल्बम माझ्या कल्पनेतला

बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडने १९७४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन अल्बम काढला, असा मजकूर फिरतोय. तो मीच हौसेने लिहिलेला कल्पित इतिहास आहे. पुढे जाता जाता वरची 'काल्पनिक' ही ओळ गळली. चूक माझीच, ती ओळ मजकुरात गुंफायला हवी होती.

एप्रिल १९७० मध्ये चौघांतल्या पॉल मॅकार्टनीने बँडपासून फारकत जाहीर केली, त्याच वर्षी ३१ डिसेंबरला भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. भागीदारी कायद्याने संपली जानेवारी १९७५ मध्ये. कथेला आधार एवढाच: चौघांपैकीच रिंगो स्टारच्या १९७३च्या अल्बमवर बाकीचे तिघेही आहेत. पण श्रेयनामावली पाहा, एकाही गाण्यात चौघे एकत्र नाहीत. (हुरहुर लागते खरी.)

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर मागोमाग हा खुलासाही धाडा.