ताकायामाच्या सहलीबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय नीट वाचला. भल्या सकाळी बाहेर काढलं, जुन्या सरकारी कचेरीत दीड तास घालवला, शिराकावागो हे जवळचं जुनं गाव दाखवलं नाही आणि जेवण सपक होतं, म्हणून दोन तारे, असं तुम्ही लिहिलं आहे.

ती कचेरी म्हणजे ताकायामा जिनया. ताकायामा ज्या हिदा प्रांतात आहे, तिथल्या डोंगरातलं लाकूड आणि खाणी हाती याव्यात म्हणून शोगुनने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाने, १६९२ साली हा प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला. १८६८ पर्यंत एदोहून (आजच्या टोकियोहून) नेमलेले अधिकारी इथून कारभार बघत होते. अशा साठाहून अधिक कचेऱ्या जपानभर होत्या, पण मुख्य इमारत शाबूत राहिली ती एवढी एकच. साऱ्याच्या तांदळाचं कोठार तिथेच आहे आणि आरोपींच्या चौकशीची जागाही. आधी लाकूडतोड बंद केली, मग नवी जमीनमोजणी करून सारा वाढवला, म्हणून १७७१ ते १७८८ या काळात इथले शेतकरी पुन्हा पुन्हा उठले आणि त्यांच्या म्होरक्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. हे सगळं अर्ध्या तासात उरकायला मी आमच्या गाइडला कधीच सांगणार नाही. मला स्वतःला ताकायामा कळलं ते त्या कोठारात उभं राहून.

सुतारकामाबद्दलही तो फार बोलला, असं तुम्ही म्हणता. आठव्या शतकात हिदा प्रांत कराऐवजी राजधानीकडे सुतार पाठवत असे. १८७५ च्या आगीनंतर १८७९ मध्ये उभं राहिलेलं कुसाकाबे घर तुम्ही पाहिलंत, त्याच्या तुळया त्याच परंपरेतल्या आहेत. त्यांच्याखाली थांबायला हवंच.

तुमच्या सासूबाईंना बूट काढून, ते पिशवीत घालून हातात धरावे लागले. तो जिनयाचा नियम आहे आणि आमच्या माहितीपत्रकात लिहिलेला आहे. तरी गुडघ्यांचा त्रास आधी कळला असता, तर त्यांच्यासोबत वेगळा माणूस नक्की दिला असता.

सकाळची घाई मियागावा नदीकाठच्या बाजारासाठी होती. तो दुपारपर्यंत आवरतो आणि सानमाची या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतली बहुतेक दुकानंही पाचच्या सुमारास बंद होतात. उशिरा निघालं की हे शहर हातातून जातं.

जेवणाचं म्हणाल तर सोबाच्या (जपानी शेवयांच्या) रश्शात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींना आम्ही तो देत नाही. तुम्हाला दिलं ते शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण: तोफू, रानभाज्या, भात. त्यात मसाला नसतोच.

शिराकावागोला जायला बसने पाऊण-एक तास, यायला तेवढाच. एका दिवसात दोन्ही कोंबलं तर ताकायामाच्या वाट्याला दोन-तीन तास उरतात. तशी सहल आम्ही काढत नाही, काढणारही नाही. पुढे बुकिंग करणाऱ्यांनी दोन्ही बघायचं असेल तर ताकायामात दोन रात्री ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशीच्या बसची तिकिटं आम्ही काढून देऊ.