पित्ताच्या नळीचे ‘नसते लाड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

पित्ताचा मार्ग अडल्यावर यकृतातले पित्त पिशवीत काढण्यासाठी पोटातून बाहेर आणलेली नळी महिनोन्‌महिने बाळगणाऱ्या रुग्णाची सोय कशी करावी, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. धातूचा स्टेंट (अडलेला मार्ग आतून उघडा ठेवणारी जाळीची नळी) बसवला की नळीच राहत नाही, तेव्हा तिच्या सोयीची चर्चा म्हणजे ‘नसते लाड’, हा पहिला. आणि असे लेख वाचून घरची माणसे ड्रेसिंगशी खेळतात व नळी निसटते, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणून आधी तोच घेतो.

‘रात्री नळीला टोपी लावून पिशवी काढून ठेवावी’ असे मी सरसकट लिहिले (टोपी म्हणजे नळीचे बाहेरचे तोंड बंद करणारे बूच), ही माझी चूक झाली. नळीला अडथळ्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे छिद्रे असतील आणि तिचे टोक आतड्यात पोहोचलेले असेल, तरच टोपी लावल्यावर पित्ताला आतून वाट मिळते. नळी पित्त केवळ बाहेर काढणारी असेल, तर टोपी लावणे म्हणजे कावीळ आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण. आतड्यात उतरलेल्या नळीलाही टोपी डॉक्टरांनी सांगितल्यावरच लावायची, आणि थंडी वाजून ताप आला किंवा नळीच्या कडेने पित्त झिरपू लागले, तर टोपी काढून पिशवी जोडायची व तडक रुग्णालय गाठायचे.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. कर्करोगाने मार्ग अडलेल्या अनेक रुग्णांना स्टेंटच सोयीचा पडतो, हे खरे. पण माझ्या आईची पित्तनलिका पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आकसली होती. अशा आजारात, पुन्हा काढता न येणारा जाळीचा स्टेंट शक्यतो टाळतात, कारण पुढे तोच तुंबतो, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. तिला टप्प्याटप्प्याने जाड नळी घालत गेले. सुरुवात 8 फ्रेंचने (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) झाली आणि शेवटची 12 ची, म्हणजे 4 मिलिमीटर जाडीची होती. दर दोन-अडीच महिन्यांनी नळी बदलावी लागे.

जाडीने तिला फारसा त्रास दिला नाही, जागेने दिला. नळी उजवीकडून, दोन बरगड्यांच्या मधून घातलेली असल्याने शिंक आली, कूस बदलली, नुसता खोल श्वास घेतला तरी कळ उठे, आणि ब्लाउजची कड नेमकी त्या छिद्रावर घासे. काही रुग्णांत छातीच्या हाडाखालून, डाव्या बाजूने नळी घालता येते आणि तिथे बरगड्यांची अडचण नसते. अडथळा कुठे आहे यावर ते ठरते, हे मान्य. पण असाही मार्ग असतो हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

त्यातून आपला नागपूरचा मे महिना. कूलरसमोर बसूनही दुपारपर्यंत घामाने चिकटपट्टी सुटून यायची, मग अर्धा लिटर भरलेल्या पिशवीचे अर्धा किलो वजन नळी कातडीशी धरून ठेवणाऱ्या टाक्यांवर थेट येई. (पित्ताबरोबर पाणी आणि क्षारही वाहून जातात, वर हा घाम. तिला पाणी किती आणि कसले द्यायचे, हे त्या महिन्यात डॉक्टरांना पुन्हा विचारावे लागले.) दोनदा टाके तुटले. त्यानंतर एका परिचारिकेने नळीला सैल वळसा देऊन तो छिद्रापासून चार बोटांवर वेगळ्या पट्टीने चिकटवायला शिकवले, म्हणजे ओढ बसली तरी ती वळशाला बसते. आम्ही परकराला आतून कापडी खिसा शिवला आणि पिशवी अर्धी भरली की रिकामी करू लागलो. त्यानंतर एकही टाका तुटला नाही. नळी निसटू नये हीच आपली काळजी असेल, तर या लाडांनी तीच वाहिली.

खिसा शिवल्यानंतरच्या चतुर्थीला आई टेकडीच्या गणपतीला जाऊन आली. त्याआधीचे चार महिने, पिशवी कोणाला दिसेल या धास्तीने, तिने फाटकाबाहेर पाऊल टाकले नव्हते.

टोपीविषयीचे ते वाक्य लेखात आज सकाळीच दुरुस्त केले आहे. खिशाचे माप मात्र तिथे तसेच ठेवले आहे.