समास

आमच्या शाळेचा चार पानी अंक ६ जानेवारीला निघतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. पानाला दोन स्तंभ, एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. मी मात्र ए-फोरच्या पानावर पाच पाडायचो. ‘मुख्याध्यापिकाबाईंच्या’ हा शब्द आला की त्या ओळीत दुसऱ्या कुणाला शिरता येत नसे.

मी मराठीचा मास्तर. कागदाचे पैसे मोजलेत, तर कोपरा रिकामा ठेवायचा कशाला? शिवाय प्रत्येक पोराचं नाव छापून यायला हवं. म्हणून कविता नऊ पॉइंटात, विनोद आठात आणि फट दिसली की सुविचार. एका वर्षी ओळींमधलं अंतरही कापलं, तर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकून बसले. मथळ्यांना सहा तऱ्हेचे फॉन्ट, वर सावली. डीटीपीवाला म्हणाला, “सर, अंक काढताय की बँडवाल्याची जाहिरात?”

त्यात दोन मथळे एका रेषेत आले: ‘संस्थेच्या अध्यक्षांचे आगमन’, शेजारी ‘डासांचा बंदोबस्त सुरू’. अध्यक्षांनी ते सलग वाचलं.

यंदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, पेपरात समास सोडला नाही की तुम्ही मार्क कापता ना? मग अंकात कुठंय?” वीस वर्षं मी समासाचे प्रकार शिकवतोय, हा एक राहून गेला होता.

डीटीपीवाल्याने उपाय सांगितला. वर्तमानपत्र उलटं धरायचं. वाचता येत नाही, म्हणून मांडणी दिसते. घरी सुरुवात केली.

“अहो, पेपर उलटा आहे.”

“माहितीये.”

बायकोने चहा लांबच ठेवला.

पण दिसायला लागलं खरं. पानावर एकच बातमी मोठी, एकच फोटो ठसठशीत, बाकीच्यांनी पायरी ओळखून राहायचं. यंदा तीनच स्तंभ, एकच फॉन्ट. पहिल्या पानावर फोटोखाली चांगली तीन बोटं जागा मोकळी सोडली. सोडताना हात थरथरला, पण सोडली.

अंक वाटला त्या दुपारी सातवीतल्या एका मुलाचे आजोबा आले. चष्मा चढवला, त्या मोकळ्या जागेवर बोटं ठेवून मोजली.

“गुरुजी, एवढ्यात आमच्या नातवाची कविता आरामात मावली असती की.”

पुढच्या अंकासाठी ती घेऊन ठेवलीय. चौदा कडवी आहेत.