रॉय यांच्या प्रारूपातली दुसरी पायरी

नर्सिंगच्या सिद्धान्तकार सिस्टर कॅलिस्टा रॉय यांच्या अनुकूलन प्रारूपावरचा (रुग्ण बदलांशी कसा जुळवून घेतो हे पाहून शुश्रूषा आखण्याची चौकट) लेख वाचला. त्यात प्रारूपाच्या चारही बाजू (शरीर, स्वप्रतिमा, भूमिका, परस्परावलंबन) छान आल्यात, उद्दीपकांना, म्हणजे रुग्णाच्या वर्तनामागच्या कारणांना, मात्र एकच ओळ. बालरुग्णांची जुळवून घेण्याची ताकद पाहून सुचलेलं हे प्रारूप १९७० साली छापून आलं, आणि त्याचा खरा कस उद्दीपकांतच लागतो. पहिल्या पायरीत वर्तन टिपायचं, दुसरीत त्यामागची कारणं; मग निदान, उद्दिष्ट, उपाय, मूल्यमापन. केस स्टडीत दुसरी पायरी हमखास उरकली जाते. समजा, मधुमेहामुळे पाय कापावा लागलेला रुग्ण जेवत नाही. शस्त्रक्रिया हा केंद्रीय उद्दीपक, म्हणजे समोरचं थेट कारण. वेदना, कर्ज हे संदर्भीय, म्हणजे त्यात भर घालणारे. ‘मी आता घरावर भार’ ही भावना नुसती अंदाजाने धरली असेल तर अवशिष्ट, म्हणजे परिणामाची अजून खात्री नसलेली. रुग्णाशी बोलून खात्री झाली की तीच संदर्भीय ठरते. हे न तपासता आहारतक्ता लावला तर ताट तसंच परत जातं.