मांजराला विषारी झाड उपजत कळत नाही

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५च्या पुढे गेला की गॅलरीतली रोपं करपू नयेत म्हणून आपण कुंड्या आत घेतो, आणि मांजरही दिवसभर कूलरसमोरून हलत नाही. नेमका याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: "मांजराला विषारी झाड उपजत कळतं. कोरफड, मनी प्लांट औषधी असल्याने त्यांचा त्रास नाही. चुकून काही खाल्लंच तर दूध किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. उलटी थांबली की काळजी मिटली." हा मेसेज पुढे पाठवण्याआधी कृपया एवढं वाचा.

'उपजत कळतं' याला आधार नाही. मांजर मूळचं मांसाहारी, पण गवत चावायची सवय त्याला असतेच. घरात कोंडलेल्या मांजरासमोर कूलरच्या वाऱ्याने पान हललं की ते पंजा मारतं, मग चावतं. विष आहे की नाही, हा विचार त्यात कुठेच नसतो.

कोरफडीचा गर आणि सालीखालचा पिवळा चीक वेगळे. त्याच चिकापासून काळा बोळ करतात, जो जुलाब व्हावेत म्हणून देतात. मांजराने पान चावलं तर उलट्या-जुलाब ठरलेलेच. मनी प्लांट अळूच्याच कुळातला. अळूने घसा खाजतो तो ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच याच्या पानात असतात. लाळ गळते, मांजर तोंड पंजाने घासतं, खाणं सोडतं. यात जीव सहसा जात नाही, पण हाल होतात. मेसेजमध्ये नाव नसलेली दोन झाडं मात्र जीव घेतात: बंगल्याच्या दारात हौसेने लावतात ते सायकस यकृत निकामी करतं आणि कण्हेर हृदय बंद पाडते. सायकसच्या बिया तर सर्वांत घातक.

दूध हा उतारा नाही. मोठ्या मांजरांना ते बरेचदा पचत नाही, जुलाब लागतात. मिठाचं पाणी त्याहून वाईट: रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात आणि जबरदस्तीने पाजताना पाणी फुप्फुसात जातं. आपली पॅरासिटामॉलची गोळी तर अजिबात नको, ती मांजराला स्वतःच विष आहे.

आता 'उलटी थांबली की काळजी मिटली'. मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते, कारण लग्नसराईत घरोघरी येणाऱ्या बुकेमध्ये मोठ्या पाकळ्यांची खरी लिली असते. (नर्सरीतली पीस लिली वेगळी, तिचा त्रास मनी प्लांटसारखा.) खऱ्या लिलीचं पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. खाण्याचीही गरज नाही. मांजर फुलाला घासून जातं, केशरी पराग अंगाला लागतात आणि अंग चाटताना पोटात जातात. काही तासांत उलट्या होतात, मग त्या थांबतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं. त्याच वेळी आत मूत्रपिंडं बिघडत असतात. एक ते तीन दिवसांत ती बंद पडतात, आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही.

म्हणून उलटीची वाट न पाहता, लिलीशी संबंध आल्याचा नुसता संशय आला तरी निघा. साधारण १८ तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू झालं तर मांजर वाचण्याची आशा चांगली असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशीच जास्त येतात, म्हणून निघण्याआधी फोन करून मांजराला सलाईन लावता येईल का ते विचारा. नसेल तर थेट जळगाव किंवा धुळे गाठा. अंगाला पराग लागले असतील तर ओल्या फडक्याने लगेच पुसा. चावलेलं पान किंवा फूल पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाज करत बसावं लागणार नाही. आणि हिरवाई हवीच असेल तर अरेका पाम, स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न खुशाल ठेवा; बुके आला की त्यातली लिली मात्र दारातच काढून टाका.