टपावरचा सूटवाला

लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शेजारच्याशी बोलायचं नाही, हा इथला अलिखित कायदा. १७ ऑक्टोबर २०१९च्या सकाळी मात्र वेस्ट हॅमच्या फलाटावर लोक चक्क एकमेकांशी भांडत होते. पुढच्याच कॅनिंग टाउनला एक्स्टिंक्शन रिबेलियन या पर्यावरणवादी संघटनेची दोन माणसं ज्युबिली लाईनच्या गाडीच्या टपावर चढली होती. त्यातला एक सूट-टायमध्ये.

मी व्हिडिओ डोंबिवलीला धाकट्या भावाला पाठवला. लगेच उत्तर : "दादा, हा जळला कसा नाही?" मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला टप म्हटलं की आधी २५,००० व्होल्ट दिसतात, पृथ्वीबिथ्वी नंतर. इथे वीज खालच्या रुळांतून येते, वर तारच नसते, हे त्याला समजावलं. "मग सोपंय की!" आंदोलनाविषयी आमच्या घराण्याचं मत इथेच संपलं.

त्यांच्या फलकाचा मथितार्थ असा, की नेहमीसारखं चालू ठेवणं म्हणजे मरण. हे मला रोज ऑफिसला निघताना वाटतंच. त्यासाठी टपावर चढायची गरज नाही.

फलाटावर एक बांधकाम मजूर हेल्मेट आपटत होता. त्याला तासावर पैसे मिळतात. एक आजी म्हणाल्या, "पण त्यांचं म्हणणं खरं आहे हो." खरंच होतं, आणि म्हणूनच सगळे जास्त चिडले. गाडी विजेवर चालते, आम्ही मोटारी सोडून तिच्यात बसतो, आणि शिक्षा आम्हालाच! तिकडे कॅनिंग टाउनला तर एका आंदोलकाने वर येणाऱ्या प्रवाशाला लाथ घातली आणि लोकांनी त्याला पाय धरून खाली ओढलं. इथली माणसं धक्का त्यांना लागला तरी स्वतःच 'सॉरी' म्हणतात, म्हणून सांगतो.

शेवटी मी, मजूर आणि आजी अशी टॅक्सी केली. पर्यावरणरक्षणापायी मी लंडनमध्ये पहिल्यांदाच टॅक्सीने ऑफिसला निघालो. पुढे तासभर रांगेत इंजिन चालू. आजींनी सर्वांना पेपरमिंट वाटल्या. मजुराने तीन घेतल्या.

नंतर कळलं, की संघटनेच्याच बहुसंख्य सदस्यांनी ट्यूब अडवू नका म्हणून आधी कौल दिला होता. तरी काही जण चढलेच. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गच्चीवर पत्रे टाकायचा ठरावही असाच नामंजूर झाला होता. पत्रे अजून आहेत.